आवडणाऱ्या मुलासमोर बोलतीच बंद होते, लाजाळूपणा घालवून मोकळं कसं वागू?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण माझीही अशीच बोलती बंद व्हायची आणि ती का होते ते कळायला मला अख्खा एक पावसाळा लागला.

मी बार्शीची. 2011 ला पुण्यात सेकंड इयरला होते. ताई माझ्या चार वर्षं आधीपासून पुण्यात, तिने रूमवर पहिल्याच दिवशी सांगितलं, "तोंड उघडलंस की गाव कळतं, आधी भाषा सुधार." ते डोक्यात बसलं ते बसलंच. त्यात कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे एकांकिका स्पर्धेच्या टीममध्ये बॅकस्टेजला गेले, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू माझ्याकडे होत्या, आणि लाइट्सला जो मुलगा होता तो आवडायला लागला. शनिवार पेठेतला. तालमीला रोज समोर, आणि मी महिनाभर "हो", "नाही", "ठेवते" एवढंच बोलले. घाईत माझ्या तोंडून पाणीचं पानी व्हायचं म्हणून तो शब्दच टाळायचे, नुसती बाटली पुढे करायचे. त्याला वाटायचं ही शिष्ट आहे.

मग भरत नाट्य मंदिरात आमची एकांकिका. बाहेर पाऊस, प्रेक्षकांत "आव्वाज कुणाचा" चालू, आणि विंगेत कंदील सापडेना. केबल ओढताना त्यानेच हलवलेला. मी अंधारात त्याच्यावर ओरडले, "कंदील कुठं ठिवलास रं, मघाधरनं हुडकायलेय मी!" त्याने लेव्हलमागून, म्हणजे सेटवरच्या लाकडी चौथऱ्यामागून काढून दिला. प्रयोग संपल्यावर चहाच्या गाडीवर येऊन म्हणाला, "हुडकायलेय म्हणजे शोधतेय ना? माझी आजी अक्कलकोटची, ती असंच बोलायची." मग पाऊण तास आम्ही फक्त शेंगाचटणीवर बोललो, ती उखळात कुटायची की मिक्सरला चालते यावर. मिक्सरला चालत नाही.

त्यामुळे आरशासमोर प्रॅक्टिस करा, वाक्यं पाठ करून जा वगैरे सल्ले मला पटत नाहीत. पाठ केलेलं वाक्य त्याच्या पहिल्या उत्तरालाच संपतं, पुढे काय बोलणार? त्यापेक्षा दोघांच्या हातात एकच काम येईल असं बघा, गणपती मंडळ, ट्रेक, प्रोजेक्ट, काहीही. आणि आपण त्याच्यापासून नक्की काय लपवतोय ते स्वतःला विचारा, माझी भाषा होती, तुमचं घर असेल, मार्क असतील, रंग असेल.

ताई अजूनही म्हणते, तुझं नशीब म्हणून आजी अक्कलकोटची निघाली, दुसरा असता तर हसला असता. हसू दे ना! महिनाभर आधी हसला असता तर तेव्हाच कळलं असतं की हा आपल्या कामाचा नाही. ताई, चार वर्षं तू ऑफिसच्या डब्यात शेंगाचटणी नेली नाहीस, वास येतो म्हणून, आणि ते मला आजही सहन होत नाही.

हां, एक राहिलं, मोकळं बोललात म्हणून त्याला तुम्ही आवडायलाच हवं असं काही नाही, नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडायचा. आणि दुकानात, वर्गात, कुणाशीही बोलताना घाम फुटत असेल तर काउन्सेलरला भेटाच, तिथे माझा अनुभव उपयोगाचा नाही.

आमचं पुढे दोन वर्षं होतं, मग तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि संपलं. दिवाळीला फोन मात्र येतो, उचलला की पहिलं वाक्य, "काय करायलीस?"