वर्षातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनने एचआयव्ही बरा होतो का? गोळ्या बंद करून ते घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मामेभाऊ मुंबईत नोकरीला, चार वर्षं सरकारी केंद्रातून एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्यांचा उपचार) चालू, शेवटच्या व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) कागदावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं आलंय. आता व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलंय की वर्षाला दोन इंजेक्शनं घेतली की विषय संपला, म्हणून तो गोळ्या सोडायला निघालाय. इंजेक्शन मुंबईत कुठे मिळेल, आणि घरचे मुलगी बघतायत त्याचं काय करायचं?

आधी महत्त्वाचं. गोळ्या बंद करायच्या नाहीत. आजचीसुद्धा चुकवायची नाही. बाकीचं सावकाश वाचा. आणि हो, प्रश्नात त्याची कंपनी आणि गाव लिहिलंय ते आधी काढून टाका. एखाद्याचा एचआयव्ही त्याच्या संमतीशिवाय कुणाला कळता कामा नये, असा २०१७ चा कायदाच आहे. तुम्ही चांगल्या हेतूने विचारलंत, पण गाववाले हे सगळं वाचत असतात.

मी मुंबईतल्या एका एआरटी केंद्रात फार्मासिस्ट आहे, म्हणजे औषधाच्या खिडकीच्या आतली बाई. हा मेसेज मोबाईलवर उघडून 'मॅडम, हे कधी येणार?' विचारणारे माझ्याकडेही येतात.

त्या इंजेक्शनचं नाव लेनाकापाविर. बातमी खरी आहे आणि मोठीही आहे, पण ती तुमच्या भावासाठी नाही. ज्यांना एचआयव्ही नाही त्यांना तो होऊ नये म्हणून हे औषध आहे. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात २,१३४ तरुण मुली-बायकांना ते दिलं, आणि २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा त्यांतल्या एकीलाही लागण झालेली नव्हती. त्याच अभ्यासात प्रतिबंधाची रोजची जुनी गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना लागण झाली. ती गोळी वाईट नाही, पोटात गेली तर ती चांगलंच काम करते. त्या गटातल्या बऱ्याच जणी ती रोज घेत नव्हत्या, एवढंच. खिडकीवर बसणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

जून २०२५ मध्ये अमेरिकेने याला मंजुरी दिली, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. अमेरिकेतली किंमत वर्षाला २८,००० डॉलरच्या वर. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या दोन कंपन्यांनी मात्र २०२७ पासून तेच औषध १२० देशांसाठी माणशी वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देऊ असं जाहीर केलंय. मुंबईकराला यात नवं काही नाही. २००१ मध्ये आपल्या मुंबई सेंट्रलच्या सिप्लाने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला होता, तेव्हा परदेशी कंपन्या त्यालाच १०,००० डॉलरहून जास्त घेत होत्या. गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, औषध इथलं, पण इथल्या गरिबाला सरकारकडून ते फुकट मिळायला १ एप्रिल २००४ उजाडावा लागला. देशातल्या ज्या मोजक्या रुग्णालयांत ते सुरू झालं, त्यांत आपलं जे. जे. होतं.

आता, ज्याला आधीच एचआयव्ही आहे त्याने फक्त हे इंजेक्शन घेतलं तर काय होईल? हा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना सारख्या चुका करतो. एकच औषध समोर असेल तर एखादी चुकलेली प्रत त्यातून निसटते आणि मग तिचीच पैदास होते. म्हणून उपचार एका औषधाने करत नाहीत. भावाच्या त्या एका गोळीत तीन औषधं आहेत: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर. आमच्याकडे तिला टीएलडी म्हणतात. लेनाकापाविर उपचारातही वापरतात, पण बाकीची औषधं लागू पडेनाशी झालेल्या रुग्णांसाठी, आणि तेही इतर औषधांच्या जोडीने. शिवाय त्याला हिपॅटायटिस बी असेल तर टीएलडीतली दोन औषधं तोही दाबून ठेवत असतात. ती अचानक थांबवली तर यकृतावर येतं.

'टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे विषाणू गेला, असा अर्थ बरेच जण काढतात. रक्तात सापडत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. काही पेशींमध्ये तो झोपून असतो, तिथे गोळी पोचूनही उपयोग नसतो, कारण जागा झाल्याशिवाय त्याच्यावर औषध चालत नाही. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांचा लोड दोन-चार आठवड्यांत परत वर येतो. पूर्ण बरी झालेली माणसं जगात आहेत, टिमथी रे ब्राऊन हा त्यांतला पहिला. पण त्याला रक्ताचा कॅन्सर होता म्हणून दुसऱ्याचा अस्थिमज्जा बसवावा लागला, आणि तो दाता असा निघाला की त्याच्या पेशींत विषाणूला शिरायचं दारच नव्हतं. जिवावरचा उपचार आहे तो. रोज एक गोळी घेऊन ठणठणीत असलेल्या माणसावर कुणी करणार नाही. लसीचं म्हणाल तर आशा लावलेला मोठा प्रयोग २०२३ च्या जानेवारीत गुंडाळावा लागला.

मला विचाराल तर खरी प्रगती त्या टीएलडीच्या डबीतच आहे, फक्त तिची बातमी होत नाही. पूर्वी स्टॅव्ह्युडिन होतं. जीव वाचायचा, पण गाल आत जायचे, हातपाय काटकुळे व्हायचे, तळपायांची आग व्हायची. नुसत्या चेहऱ्यावरून चाळीत ओळखायचे. मग एफाविरेंझ आलं, रात्री घ्यायचं. चक्कर यायची, भलतीसलती स्वप्नं पडायची. एकजण म्हणायचे, 'मॅडम, फुकटचा सिनेमा, पण रोज भुताचाच.' टीएलडीवर वजन वाढतं आणि काहींची झोप उडते, पण या दोघांच्या मानाने ते काहीच नाही. एक पथ्य मात्र पाळायचं: अ‍ॅसिडिटीचं अँटासिड याच्याबरोबर घ्यायचं नाही. टीएलडी त्याच्या दोन तास आधी तरी घ्यावी किंवा सहा तास नंतर.

तो गोळ्या सोडायला का निघालाय, हे जरा आडून विचारा. बहुतेक वेळा कारण औषध नसतं, डबी असते. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी बॅगेत खुळखुळते. लोकलमध्ये गर्दीत कुणी 'काय वाजतंय रे' म्हणालं तरी छातीत धस्स होतं. खोलीवर सहा जण राहत असतील तर ठेवायची कुठे? मग लोक लेबल खरवडून काढतात, गोळ्या पिशवीत ओततात. उरलेल्या गोळ्या मोजायला म्हणून ट्रेमध्ये ओतल्या की कधी कधी निम्म्या दमट हवा लागून मऊ पडलेल्या असतात. त्याला सांगा, डबीत कापूस कोंबावा, आवाज थांबतो. ओलावा शोषणारी पुडी आत तशीच राहू द्यावी. लोड दबलेला असला की केंद्रातून एकदम जास्त महिन्यांचं औषध मिळू शकतं, म्हणजे रजेचा प्रश्नही सुटतो. आमच्याकडे हे बोलायला लोक लाजतात, पण समुपदेशक त्यासाठीच बसलेले असतात.

राहिलं लग्न. लग्न जरूर करावं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ या अभ्यासात पुरुष-पुरुष अशी ७८२ जोडपी होती, एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, निरोध न वापरणारी. ज्याला एचआयव्ही होता त्याचा लोड दबलेला, आणि जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही घटना नाही. स्त्री-पुरुष जोडप्यांच्या आधीच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. गोळ्या नियमित असतील तर बायकोला शरीरसंबंधातून त्याच्यापासून लागण होणार नाही, आणि तिला नसेल तर मुलालाही होणार नाही. पण हे सगळं मुलीला साखरपुड्याच्या आधी माहीत असलं पाहिजे, त्याच्याच तोंडून. 'बरा झाल्यावर सांगू' किंवा 'इंजेक्शन आलं की सांगायची गरजच नाही' असं घरातलं कुणी म्हणत असेल तर तुम्ही आडवे या. तिला घेऊन एकदा समुपदेशकाकडे यावं, ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क. दोघांनाही एचआयव्ही असलेली स्थळं जुळवणारे मेळावेही होतात, पण तेच करायला हवं असं काही नाही.

मुंबईत इंजेक्शन कुठे मिळेल याचं उत्तर, त्याने शोधूच नये. कुणी खाजगीत 'मागवून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका. प्रतिबंधाची रोजची गोळी मात्र ज्यांना एचआयव्ही नाही आणि धोका आहे त्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. आणि अशा कुणाच्या बाबतीत काल-परवाच लागण होण्यासारखं काही घडलं असेल तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठायचं, २८ दिवसांचा कोर्स असतो. बाकी काही अडलं तर १०९७ हा नॅकोचा (सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा) टोल-फ्री नंबर, नाव सांगायची गरज नाही.