गर्श्विनचा अल्बम: सोलो कापू नका, आधी गाणी कुठल्या सालची ते बघा

न्यू जर्सीतली तुमची जॅझ चौकडी, अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनची सात गाणी, ५०० सीडी, काही प्रती पुण्याला न्यायचा बेत, आणि दुसऱ्याची गाणी रेकॉर्ड करून विकायचे परवाने काढून देणाऱ्या मध्यस्थ कार्यालयाचा सल्ला की 'सोलो (एकेका वादकाची आयत्या वेळची बढत) छाटून प्रत्येक गाणं पाच मिनिटांत बसवा'. तुमच्या पोस्टमध्ये हे वाचून राहवलं नाही. २०२१ मध्ये आम्ही गर्श्विनवरच सीडी काढली, तेव्हा अशाच एका कार्यालयाने आम्हाला रडकुंडीला आणलं होतं. नाव लिहीत नाही. मी वकील नाही, पियानो वाजवतो. तेवढं धरून वाचा.

त्या कार्यालयाने आमच्या यादीतल्या प्रत्येक गाण्यावर परवाना शुल्क आणि वर सेवाशुल्क लावलं. यादीत 'लेडी बी गुड' होतं, १९२४ चं. अमेरिकेत त्या काळातल्या प्रकाशित रचनांचा हक्क ९५ वर्षं टिकतो, म्हणजे हे गाणं १ जानेवारी २०२० पासून सगळ्यांना मोकळं होतं. विचारलं तर उत्तर काय, 'आमच्या नोंदीत प्रकाशक दिसतो.' प्रकाशक दिसणारच, तो काही पळून गेलेला नाही! हक्क उरलाय का, हा प्रश्न होता. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच छापील उत्तर. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

खरा फटका पुढे बसला. त्यांच्या अर्जात गाण्याची लांबी भरायला जागाच नव्हती. सगळी गाणी पाच मिनिटांच्या आतली धरून त्यांनी हिशोब केला, आणि सीडी छापायला जायच्या तोंडावर लांबी जुळत नाही म्हणून अख्खी मागणी रद्द केली. नवी मागणी, नवं सेवाशुल्क. छपाईची तारीख गेली, ती सीडी जिथे विकायची त्या मैफिलीला आम्ही रिकाम्या हाताने गेलो.

आता हिशोब बघा, म्हणजे सोलो का कापायचे नाहीत ते कळेल. सीडी आणि डाउनलोडसाठी एका गाण्याच्या परवान्याचा अमेरिकेत कायद्याने ठरवलेला दर २००६ ते २०२२ पर्यंत प्रतिप्रत ९.१ सेंट होता. गाणं पाच मिनिटांच्या वर गेलं की पूर्ण लांबीच्या दर मिनिटाला १.७५ सेंट, अपुरं मिनिट पूर्ण धरून. आमचं 'समरटाइम' ८ मिनिटं २० सेकंदांचं. म्हणजे ९ मिनिटं, १५.७५ सेंट. ५०० प्रतींचे ७८.७५ डॉलर, छोट्या गाण्याचे झाले असते ४५.५०. फरक ३३ डॉलरच्या आसपास. एवढ्यासाठी टेनर सॅक्सचा सोलो कापायचा? बंदिश ठेवून बढत काढून टाकल्यासारखंच ते. २०२३ मध्ये मूळ दर १२ सेंट झाला आणि त्यानंतर दरवर्षी महागाई बघून बदलतो, तेव्हा चालू वर्षाचा आकडा स्वतः बघा. फरक वाढेल, पण माझं मत बदलणार नाही.

गाण्यांची यादी प्रकाशनाच्या सालाप्रमाणे लावा. 'द मॅन आय लव्ह' १९२४, 'समवन टू वॉच ओव्हर मी' १९२६, मोकळी. 'आय गॉट रिदम' आणि 'बट नॉट फॉर मी' १९३० ची, त्यांची मोकळं होण्याची तारीख १ जानेवारी २०२६. 'समरटाइम' १९३५ चं, ते २०३१ मध्ये. सक्तीच्या परवान्यात (ठरलेला दर भरला की प्रकाशकाला नाही म्हणता येत नाही, तो हा परवाना) आपल्या शैलीत मांडायची मुभा आहे, पण मूळ चाल आणि गाण्याचा पिंड बदलायचा नाही. मोकळ्या गाण्यांना ही अट नाही. म्हणून हार्मनीची मोडतोड, सात मात्रांचे प्रयोग, सगळी हौस मोकळ्या गाण्यांवर भागवा. परवान्याच्या गाण्यात सुरुवातीला चाल स्पष्ट वाजवा आणि मग सोलोत सुटा.

मोकळी होते ती रचना. नंतर कुणी लिहिलेली मांडणी (अरेंजमेंट) किंवा जुनं रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे. त्या काळची मूळ नोटेशन मिळवून त्यावरून मांडा. फक्त स्ट्रीमिंगवर टाकणार असाल तर अमेरिकेत २०२१ पासून रचनेचा हा परवाना प्लॅटफॉर्मच एकगठ्ठा घेतात, तुम्ही काढू नका. व्हिडिओ मात्र यात येत नाही, 'समरटाइम'चा व्हिडिओ करायचा तर प्रकाशकाची वेगळी परवानगी लागेल.

पुण्याला प्रती न्यायच्या म्हणताय. भारतात हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. जॉर्ज १९३७ मध्ये गेला, त्याच्या चाली कधीच मोकळ्या झाल्या. पण बहुतेक गाण्यांचे शब्द भाऊ आयराचे, तो १९८३ मध्ये गेला. तेव्हा गायिका घेणार असाल तर थांबा, नुसतं वादन असेल तर निर्धास्त न्या. युरोपात मात्र शब्द आणि सूर एकत्र धरतात, तिकडे विकण्याआधी जाणकाराला विचारा.

आणि सातही गाणी गर्श्विनचीच हवीत असं कुठे आहे? जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकने १९९८ मध्ये, गर्श्विनच्या जन्मशताब्दीला, 'गर्श्विन्स वर्ल्ड' हा अल्बम काढला. त्यात फ्रेंच संगीतकार रावेलच्या पियानो कॉन्चेर्तोचा संथ भाग आहे, ब्लूजवाल्या डब्ल्यू. सी. हँडीची रचना आहे, आणि जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं 'कॉटन टेल' आहे, जे 'आय गॉट रिदम'च्याच कॉर्ड्सवर उभं आहे. त्या कॉर्ड्सवर स्वतःची नवी चाल रचा. नुसत्या कॉर्ड्सच्या क्रमावर सहसा कुणाचा हक्क चालत नाही, परवान्याचा प्रश्न येत नाही, आणि मला तरी तो सगळ्यात मनापासूनचा मानाचा मुजरा वाटतो.

तुमच्या त्या मध्यस्थ कार्यालयाला अजून पैसे भरले नसतील तर भरू नका. गाण्यांची नावं, सालं आणि मिनिटं-सेकंदांत लांबी इथे टाका, कुठल्याला परवाना लागेल ते मी बघून सांगतो. ज्याला लागेल त्याचं, सक्तीचा परवाना घेतोय असं कळवणारं पत्र थेट प्रकाशकाकडे, सीडी बाहेर काढायच्या आधी गेलं पाहिजे.