लुगरवरच्या दोन तारखा आणि पणजोबांच्या ट्रंकेतलं वेब्ली

प्रश्न: मी टेक्सासला असतो. गन शोमध्ये एक लुगर, म्हणजे जुनं जर्मन पिस्तूल, आवडलंय पण चेंबरवर (गोळी बसते त्या भागावर) 1917 आणि त्याच्या वर 1920 असं दोन्ही आहे. मित्र म्हणतो जोडतोड केलेला माल आहे, सोड.

उत्तर: दोन तारखा हा दोष नाही हो. 1917 हे बनवल्याचं साल, आणि महायुद्ध हरल्यावर जर्मनांनी जुनीच पिस्तुलं परत सैन्यात-पोलिसात घेतली तेव्हा सरकारी मालाची खूण म्हणून 1920 मारलं. जोडतोड शोधायचीय ना, मग नंबर बघा. फ्रेमच्या (मूठ-ट्रिगरच्या सांगाड्याच्या) पुढच्या बाजूला, रिसीव्हरवर (नळीमागच्या भागावर) आणि बॅरलखाली मुख्य नंबर असतो, फ्रेमवर त्याच्या खाली बारीक अक्षर असेल तर तेही नंबरातच धरायचं, आणि साइडप्लेट (बाजूची झाकणपट्टी), टॉगल (वर गुडघ्यासारखी दुमडणारी कडी), ट्रिगर अशा बारक्या पार्टांवर त्याचेच शेवटचे दोन आकडे. म्हणजे 4873 असेल तर सगळीकडे 73 हवेत, कुठे 19 दिसले की तो पार्ट दुसऱ्याचा. युद्धातून आलेल्या पिस्तुलात हे चालायचंच, फक्त मॅचिंगचा, म्हणजे सगळे नंबर जुळणाऱ्याचा, भाव देऊ नका.

मग रंग. त्या काळच्या लुगरचा ट्रिगर, सेफ्टीची कळ, मॅगझीनचं बटण हे पार्ट पिवळट तांबूस असतात, कलेक्टर त्याला स्ट्रॉ म्हणतात. ते सगळे निळेकाळे चकाचक दिसले आणि टॉगलवरचा डीडब्ल्यूएम ह्या कारखान्याचा शिक्का घासल्यासारखा उथळ असला तर पिस्तूल रीब्लू केलंय, म्हणजे वरचा निळाकाळा थर (ब्लूइंग) नव्याने चढवलाय, विकणारा कितीही 'मिंट' (नव्यासारखं) म्हणो. माझं विचाराल तर जागोजागी ब्लूइंग उडालेलं पण हात न लागलेलं मी आधी घेईन. हातात घेतल्यावर एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस ओढून काढणाऱ्या कडीच्या) डाव्या बाजूला 'गेलाडेन' (भरलेलं) हा जर्मन शब्द उघडा दिसला तर आत गोळी आहे, पण तो नाही दिसला तरी चेंबर उघडून बघायचंच. आणि एच-1बीवर असाल तर आधी वकिलाला विचारा, तिकडच्या फेडरल कायद्यात अशा व्हिसावाल्यांना ठरावीक अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना तो अडथळा नाही.

प्रश्न: सातारा. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. जुनी ट्रंक उघडली तर रिव्हॉल्व्हर निघालं, वेब्ली लिहिलंय. साफ करून शोकेसमध्ये लावू का?

उत्तर: थांबा, साफ करू नका आणि लावू तर अजिबातच नका. ओळख सांगतो. वेब्ली हे ब्रिटिश सैन्याचं रिव्हॉल्व्हर, वरच्या पट्टीवर मार्क, म्हणजे मॉडेलचा क्रमांक, लिहिलेला असतो. मार्क VI 1915 सालचा, सहा इंची बॅरल आणि मूठ खाली चौकोनी. आधीच्या मार्कांची मूठ बहुतेक गोल, पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली. बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल, दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सैन्याने ते विकून टाकलेलं.

पण हे बघणं नंतरचं. बोर (नळीचं माप) .455, आपल्याकडे प्रोहिबिटेड बोर, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेलं माप, आणि लायसन नसेल तर 1959 च्या आर्म्स ॲक्टखाली ते नुसतं घरात असणं हाच गुन्हा. जुनं आहे म्हणून चालतं असं गावात सगळे सांगतील, कायद्यातली सूट मात्र दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्यारालाच, आणि ते तुम्ही-आम्ही नाही ठरवायचं. वकील गाठा, पणजोबांच्या नावाचं लायसन, सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद जे सापडेल ते घ्या, पोलिसांना लेखी कळवा आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय हलू नका. वारसाहक्काने लायसन मागता येतं, पण 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं.

प्रश्न: मुंबई. ऑनलाइन एकजण 'अँटिक माउझर' विकतोय, कागद नाहीत म्हणून स्वस्त. घ्यावं का?

उत्तर: नाही.

प्रश्न: सॅन होजे. शेजाऱ्यांच्या वडिलांनी पॅसिफिकमधून आणलेलं जपानी पिस्तूल ते मला देतायत, रीतसर. उजवीकडे जपानी अक्षर आणि 18.6 आहे. कॅलिबर का?

उत्तर: कॅलिबर नाही, तारीख! जपानी सम्राटाच्या शोवा राजवटीचं 18 वं वर्ष, सहावा महिना. 1925 मिळवा, जून 1943 आलं. लांबट नळी असेल तर बहुतेक नांबू टाइप 14, गोळी 8 मिमीची. ह्यात ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) मोठा असायला हवा, हातमोजे घालून बोट जावं म्हणून 1939 च्या सुमाराला वाढवला होता, छोटा निघाला तर मला फोटो पाठवा. रिकामं चालवून खटखट करत बसू नका, ह्याची फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) तुटण्यासाठी प्रसिद्ध आहे, जपान्यांनी होल्स्टरमध्येच (पिस्तुलाच्या म्यानात) जादा पिन ठेवायला जागा केली होती. ते होल्स्टर पोटमाळ्यावर कुठे पडलंय का हे शेजाऱ्यांना आत्ताच विचारा.