नावं संपेपर्यंत उठू नका

या वेळी फक्त लघुपटांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. मी सबटायटल्स करते आणि मधूनमधून महोत्सवांसाठी पहिली चाळणी लावते, म्हणजे आलेल्या फायलींच्या ढिगातून पुढे काय पाठवायचं हे ठरवणाऱ्यांपैकी एक असते. उत्तरांत त्या कामाचे पूर्वग्रह आहेत, ते गृहीत धरूनच वाचा.

ताई, ‘बेस्ट शॉर्ट फिल्म’ असं शोधलं की तेच तेच समोर येतं. शेवटच्या मिनिटाला धक्का, नाहीतर जाहिरातीत असतो तसला गहिवर. उलट पुरस्कार मिळालेल्या लघुपटांची नावं वाचते तर ते कुठेच सापडत नाहीत. चांगले लघुपट ठेवतात तरी कुठे?
— एक ग्रंथपाल

तुमच्या दोन तक्रारी आहेत. दुसरी आधी घेते.

पुरस्कार मिळालेला लघुपट सापडत नाही, कारण तो मुद्दाम झाकून ठेवलेला असतो. तयार झाला की तो आधी महोत्सवांकडे जातो. बऱ्याच महोत्सवांना ‘आमच्याकडेच पहिल्यांदा’ असा मान हवा असतो, आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केलेला लघुपट काही ठिकाणी सरळ बाद होतो. त्यामुळे दिग्दर्शक वर्षभर, कधी दोन वर्षं, तो पासवर्डमागे ठेवतात. तुम्ही बातमीत नाव वाचता तेव्हा त्याचा प्रवास नुकता सुरू झालेला असतो.

म्हणून यंदाची यादी घेऊन बसू नका. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या निवडी उघडा. फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँचा महोत्सव १९७९ साली विद्यापीठातल्या फिल्म क्लबच्या पोरांनी सुरू केला, आज तो लघुपटांचा जगातला सर्वात मोठा मेळा मानला जातो. जर्मनीतला ओबरहाउजनचा त्याहून जुना, १९५४ चा, आणि जरा तिरकस, प्रयोगांकडे झुकणारा. फिनलंडमध्ये ताम्पेरे आहे. अशा महोत्सवांच्या जुन्या निवडी शोधल्या की मिळतात. तिथून शीर्षक उचलायचं, पण इंग्रजी शीर्षकावर थांबायचं नाही. मूळ भाषेतलं शीर्षक आणि दिग्दर्शकाचं पूर्ण नाव एकत्र शोधायचं. पुष्कळदा लघुपट व्हिमिओ या व्हिडिओंच्या संकेतस्थळावर, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या पानावर गुपचूप येऊन पडलेला असतो, कुणी बातमी दिलेली नसते, आणि बघणारेही मूठभर असतात.

आता पहिली तक्रार. लोक जे लघुपट शेवटपर्यंत बघतात आणि लगेच पुढे पाठवतात, तेच शोधयंत्र वर ढकलतं. ज्या लघुपटात पहिली दोन मिनिटं एक बाई नुसती बस येण्याची वाट बघते, तो या शर्यतीत हरणारच. त्यावर उपाय एकच: माणसांनी निवडलेलं बघा. ‘शॉर्ट ऑफ द वीक’ हे संकेतस्थळ २००७ पासून हेच करतंय, आणि प्रत्येक लघुपटासोबत तो का घेतला याचं टिपणही देतं. व्हिमिओचे ‘स्टाफ पिक्स’ आहेत. ‘ल सिनेमा क्लब’ आपल्या संकेतस्थळावर आठवड्याला एकच फिल्म दाखवतो, फुकट, आणि ती एकच असते म्हणून आपण ती बघतो. (शंभर फिल्म्स समोर ठेवल्या की मी पोस्टर बघत तास घालवते. तुमचंही तेच होत असणार.) माहितीपटांकडे कल असेल तर न्यूयॉर्क टाइम्सचे ‘ऑप-डॉक्स’, २०११ पासूनचे. आणि कॅनडाचा नॅशनल फिल्म बोर्ड. १९३९ ची सरकारी संस्था, तिच्या असंख्य फिल्म्स तिच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत.

एवढं केल्यावर काही चांगले लघुपट हाती लागतील. खरा शोध त्यानंतर सुरू होतो, आणि तो लघुपटाच्या शेवटी येणाऱ्या नावांमधून होतो. दिग्दर्शकाचं नाव सगळेच टिपतात, पण पैशांची जुळवाजुळव होऊन त्याचा पुढचा लघुपट यायला वर्षं जातात. छायाचित्रकार, संकलक, ध्वनीचं काम करणारी माणसं मात्र मधल्या काळात इतर नवख्यांसाठी राबत असतात. एखाद्या लघुपटात शेजारच्या खोलीतलं भांडण भिंतीपलीकडून असं ऐकू येतं की एकही शब्द न कळता घरातलं सगळं कळतं. ते ज्या माणसाने रचलं, त्याने आणखी कुणाकुणाच्या फिल्म्सचा ध्वनी केला आहे ते शोधा. ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं असे दोन-चार दिग्दर्शक त्या वाटेवर भेटतात.

नावांच्या तळाशी आभार असतात, आणि ती माझी सर्वात आवडती जागा. नवखे दिग्दर्शक एकमेकांचे कॅमेरे वापरतात, एकमेकांच्या गर्दीच्या प्रसंगात मागे उभे राहतात, एकमेकांच्या घरी चित्रीकरण करतात. मग आभारात ती सगळी नावं येतात. त्यातलं एक पकडलं की अख्खी टोळी सापडते.

ताई, मी चित्रपट शिकते. ‘विविधता’ असं लेबल लावलेल्या याद्यांना कंटाळले आहे. परवा एक यादी बघितली, त्यातल्या सगळ्या फिल्म्स दुःखी, पिचलेल्या माणसांवर आणि सगळ्या बाहेरून आलेल्या लोकांनी काढलेल्या. ज्यांची गोष्ट आहे त्यांनी स्वतः केलेलं काम कुठे शोधू?
— एक विद्यार्थिनी

तुला नक्की काय नको आहे हे तुला कळलंय, म्हणजे अर्धं काम झालं.

ज्या महोत्सवांत निवडणारेही त्याच समाजातले असतात, तिथून सुरुवात कर. टोरोंटोचा ‘इमॅजिननेटिव्ह’ आदिवासी आणि मूलनिवासी कलावंतांनी केलेल्या कामाचा आहे. विषय त्यांचा पण फिल्म दुसऱ्याची, असं तिथे चालत नाही. आफ्रिकी सिनेमासाठी बुर्किना फासोमधला ‘फेस्पाको’ १९६९ पासून आहे. कृष्णवर्णीय कलावंतांच्या कामासाठी फिलाडेल्फियाचा ‘ब्लॅकस्टार’ २०१२ चा, ‘कशिश’ हा क्वीअर चित्रपटांचा महोत्सव २०१० चा. या महोत्सवांच्या जुन्या निवडी वाचताना तुला एक फरक जाणवेल. तिथे दुःख असतंच, पण चहाटळपणाही असतो, प्रेमात पडणं असतं, भुताच्या गोष्टी असतात, एकमेकांची टिंगल असते. कारण समोर बसलेल्या प्रेक्षकाला ‘आम्ही कोण’ हे समजावून सांगायची गरज नसते.

चाळणीच्या कामात मला सर्वात जास्त चीड येते ती इथेच. वंचित समाजातल्या दिग्दर्शकाने विनोदी लघुपट केला की निवड समितीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘छान आहे, पण तितका महत्त्वाचा नाही.’ तोच दिग्दर्शक आईच्या मृत्यूवर फिल्म करता तर गुण वाढले असते. म्हणून मुद्दाम सांगते, हसवणाऱ्या फिल्म्स शोध. त्या याद्यांमध्ये मागे पडलेल्या असतात.

एक फिल्म नाव घेऊन सुचवते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्या घडणीतच आहे. अलानिस ओबोमसाविन या अबेनाकी या मूलनिवासी समाजातल्या दिग्दर्शिकेची पहिली फिल्म, ‘ख्रिसमस ॲट मूस फॅक्टरी’, १९७१ ची. जेमतेम तेरा मिनिटांची. कॅनडातल्या जेम्स उपसागराजवळच्या मूस फॅक्टरी नावाच्या वस्तीतल्या, क्री या मूलनिवासी समाजातल्या मुलांनी खडूंनी काढलेली चित्रं, आणि त्यांच्याच आवाजात त्यांच्या गोष्टी. बाईंनी मुलांवर कॅमेरा रोखलाच नाही, मुलांनी जे बघितलं त्यावर रोखला. पुढे त्यांनी पन्नासहून जास्त फिल्म्स केल्या. नॅशनल फिल्म बोर्डाच्या साठ्यात ही फिल्म मिळेल. बघताना एक गंमत कर: कुठल्या चित्रावर कॅमेरा किती वेळ थांबतो ते मोज. संकलनाचा एक अख्खा तास शिकून होईल.

बाहेरचा माणूस चांगली फिल्म करूच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पण त्याची फिल्म बघताना एक गोष्ट तपास. प्रश्न कोण विचारतंय आणि थांबायचं कुणी ठरवलं? समोरचा माणूस मान वळवतो, उठून जातो, आणि कॅमेरा त्याच्यामागे धावत नाही, अशी एखादी जागा सापडली तर त्या दिग्दर्शकाचं नाव लिहून ठेव.

आणि शोधताना इंग्रजीबाहेर पड. फिल्म ज्या भाषेतली, त्या भाषेत ‘लघुपट’ला जो शब्द आहे तो लिपीसकट शोधखिडकीत टाक. यंत्राने आपोआप केलेल्या सबटायटल्सवर मात्र फार विसंबू नकोस. बोलीभाषेतला टोमणा ती सरळ विधान करून टाकतात, आणि मग पात्र तुला उगाच सज्जन वाटायला लागतं.

लघुपट म्हणजे नक्की किती मिनिटं?
— एक वाचक

ज्याचा त्याचा नियम. ऑस्करसाठी श्रेयनामावली धरून चाळीस मिनिटांपर्यंत, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य लघुपट स्पर्धेत पंधरा मिनिटांपर्यंत. दाखवणाऱ्यांना छोटा लघुपट आवडतो, कारण दीड तासाच्या एका खेळात जास्त फिल्म्स बसतात. पंचवीस मिनिटांचा लघुपट चाळणीतून पुढे गेला तर समजा की तो कुणाला तरी मनापासून आवडला होता.

लघुपट म्हणजे मोठ्या सिनेमाची तालीमच ना? मग थेट मोठाच का बघू नये?
— एक वाचक

काहींसाठी तालीम असतेही. दिग्दर्शिका जेन कॅम्पियन यांनी विद्यार्थी असताना केलेल्या नऊ मिनिटांच्या ‘पील’ला १९८६ मध्ये कानचा लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि त्यांचा ‘द पियानो’ हा मोठा सिनेमा आला १९९३ मध्ये. पायल कपाडिया २०१७ मध्ये विद्यार्थ्यांच्या लघुपटांच्या विभागात कानला होत्या, २०२४ मध्ये मुख्य स्पर्धेत ‘ग्राँ प्री’, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आल्या. आपल्या नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ‘फँड्री’ यायचा होता. कानचा तो विद्यार्थी विभाग १९९८ पासून आहे, आता त्याला ‘ला सिनेफ’ म्हणतात. उद्याची नावं आजच टिपायची हौस असेल तर त्याच्या जुन्या याद्या वाचायला मजा येते.

पण ॲनिमेशन करणारे नॉर्मन मॅकलॅरन यांनी उभा जन्म लघुपटच केले. त्यांच्या १९५२ च्या ‘नेबर्स’ला ऑस्कर मिळालं तेव्हा ‘आता मोठा सिनेमा कधी’ असं कुणी विचारलं असेल तर बिचाऱ्याला बराच काळ थांबावं लागलं असेल. काही गोष्टी आठ मिनिटांच्याच असतात. त्या ताणून दोन तासांच्या केलेल्याही आपण बघतोच, पैसे देऊन.

मुलाने दाखवलेले काही लघुपट बघितले. निम्मे कळलेच नाहीत. सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो, आणि शेवट तर कुणीच करत नाही. माझं वय झालं, की हल्ली असंच असतं?
— एक निवृत्त शिक्षक

सर, वयाचा काही संबंध नाही. कॉलेजातली मुलंही हेच म्हणतात, फक्त मोठ्याने म्हणत नाहीत.

दोन तासांच्या सिनेमात पहिली वीस मिनिटं आपली माणसांशी ओळख होण्यात जातात. लघुपटाला तेवढी सवड नसते, म्हणून तो ओळख करून न देता मधूनच सुरू होतो. तेव्हा एक करून बघा. फोनवर नको, मोठ्या पडद्यावर किंवा निदान हेडफोन लावून बघा, कारण कमी पैशांच्या लघुपटात अर्धी गोष्ट आवाजात सांगितलेली असते. आणि आवडला असो वा नसो, लगेच पुन्हा पहिल्यापासून लावा. बारा मिनिटांचीच तर गोष्ट आहे. दुसऱ्या खेपेला पहिल्या मिनिटात ठेवलेली खूण दिसते: कुणाच्या तरी हातातली पिशवी, न उचललेला फोन.

दुसऱ्यांदाही काही दिसलं नाही, तर दोष तुमचा नाही. शेवट सुचला नाही म्हणून अर्धवट सोडलेले लघुपट मी पोत्याने बघते. खिडकीबाहेर बघणारा माणूस, मग काळा पडदा. तसला लघुपट मनात खुशाल नापास करा, सर, तुम्हाला सवय असेलच.

एका मित्राने मला अजून प्रदर्शित न झालेल्या लघुपटाची पासवर्डवाली लिंक पाठवली. बघू का? आणि एरवी फुकट बघतो तेव्हा करणाऱ्याला काय मिळतं?
— एक वाचक

मित्राला ती कुणी दिली ते आधी विचारा. दिग्दर्शकाने ‘तुझ्या माणसांनाही दाखव’ म्हटलं असेल तर खुशाल बघा. निवड समितीतून निसटलेली असेल तर नको, आणि पुढे तर मुळीच पाठवू नका. अशी लिंक चार गटांत फिरली की कुणीतरी ती उतरवून यूट्यूबवर चढवतं, आणि वर सांगितलेल्या नियमांमुळे त्या लघुपटाचा पुढचा प्रवास तिथेच संपू शकतो.

फुकट बघण्यातून पैसे म्हणाल तर जवळजवळ काही मिळत नाहीत. बहुतेक लघुपट आपला खर्चही वसूल करत नाहीत. म्हणून महोत्सव ऑनलाइन तिकीट विकत असेल तेव्हा ते घ्या. शाळेत, वाचनालयात, मंडळात दाखवायचा असेल तर आधी परवानगी मागा आणि जमेल ते मानधन विचारा. नवखे दिग्दर्शक बहुधा त्याच दिवशी उत्तर देतात, आणि वेळ जुळली तर गप्पांना पडद्यावर हजरही होतात. तेही शक्य नसेल तर बघितल्यावर दोन ओळी लिहून पाठवा. ‘खूप छान’ नको. नेमका कुठला प्रसंग लक्षात राहिला ते लिहा, कारण पुढच्या अनुदानाचा अर्ज भरताना प्रेक्षकांचा प्रतिसाद म्हणून तेच वाक्य ते जोडतात.