‘देवाबरोबर समेट करा’ : नमतं कोण घेतं?

विचारणा अशी आहे : भायखळ्यात एका चर्चबाहेर ‘देवाबरोबर समेट करा’ असा फलक दिसतो. समेट म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं नमतं घेणं. मग देव कसलं नमतं घेणार? इथे ‘सख्य’ किंवा ‘जवळीक’ हवं होतं का?

‘समेट’ ठीक आहे. घोळ ‘करा’मध्ये आहे.

मुंबईत समेट म्हटलं की युनियन आणि मालक आठवतात, वाटाघाटी आठवतात. बायबलच्या नव्या करारात येशूचा प्रेषित पौल याची पत्रं आहेत, मुळात ग्रीकमध्ये. मराठीत हा शब्द त्यांतल्या ज्या क्रियापदासाठी येतो ते आहे ‘कातालास्सो’. त्याचा मूळ अर्थ अदलाबदल, अगदी नाण्यांचीसुद्धा. त्यावरून वैराच्या जागी मैत्री येणं. पौल देवाबद्दल ते वापरतो तेव्हा समेट घडवणारा देव असतो आणि ज्यांचा समेट होतो ती माणसं. त्याच्या रोमकरांस पत्रातलं 5:10 म्हणतं, आपण शत्रू असतानाच समेट झाला. म्हणजे ज्याच्याकडे दोष नाही त्यानेच पुढाकार घेतला. 2 करिंथ 5:20 मध्ये आज्ञार्थ आहे, पण कर्मणी : समेट तुम्ही करायचा नाही, तो तुमचा होऊ द्यायचा. म्हणूनच मराठी बायबलात ‘देवाबरोबर समेट केलेले असे तुम्ही व्हा’ असं अवघडलेलं वाक्य आहे. कानाला खटकतं, पण मुळाला धरून आहे. फलकासाठी ते सुटसुटीत केलं आणि सगळं काम माणसाच्या गळ्यात पडलं.

तुम्हाला खटकलेला अर्थ मात्र अगदीच निराधार नाही. 2 मक्काबीमध्ये (कॅथलिकांच्या बायबलात हे पुस्तक आहे, प्रोटेस्टंटांच्या नाही) हेच क्रियापद उलट दिशेने येतं : देवाचा राग निवळून तो लोकांशी समेट करो, अशी प्रार्थना 1:5 मध्ये आहे. पौलाने दिशा बदलली. आणि मत्तय 5:24 मध्ये, वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाबरोबर समेट कर, असं येतं तिथे ग्रीक क्रियापद थोडं वेगळं, ‘दियालास्सो’ आहे. मराठीत दोन्हीकडे ‘समेट’च. भावाभावांत नमतं घेणं येऊ शकतं, त्यामुळे तिथे तो शब्द अगदी फिट्ट बसतो.

आता ‘जवळीक’. जो आधी जवळ होता आणि दुरावला, त्याच्याबद्दल बोलायचं असेल तर जुन्या करारातला शब्द पाहा : हिब्रू ‘शूव’, म्हणजे वळणं, परत फिरणं. मलाखी 3:7 मध्ये तो दोन्ही बाजूंना आहे : तुम्ही माझ्याकडे वळा, मी तुमच्याकडे वळेन. गंमत म्हणजे भरकटण्यासाठीचा शब्दही याच धातूचा. यिर्मया 3:22 मध्ये ‘शूवू बानीम शोवावीम’ असा खेळ आहे : फिरलेल्या मुलांनो, माघारी फिरा. मराठीत ‘फिरणं’ दोन्हीकडे चालतं (डोकं फिरतं, माणूस घरी फिरतो), म्हणून ही कोटी आपल्याकडे बऱ्यापैकी टिकते. स्तोत्र 23:3 मधलं ‘तो माझा जीव ताजातवाना करतो’ हेही त्याच धातूचं रूप, आणि स्तोत्र 51:12 मध्ये तारणाचा आनंद परत मागितला आहे तिथेही तेच. तिथे परत आणणारा देव आहे.

‘पश्चात्ताप’ने हे काम भागत नाही. मराठीत तो मनातली जळजळ सांगतो, पावलं वळवत नाही. प्रेषितांची कृत्ये 3:19 मध्ये म्हणूनच दोन क्रियापदं आहेत : पश्चात्ताप करा व वळा. दुसरं गाळलं की काय होतं ते येशूला पकडून देणाऱ्या यहूदाकडे पाहून कळतं. मत्तय 27:3 मध्ये तो पस्तावतो, चांदीची 30 नाणी परत करतो, चूक कबूलही करतो. पण जातो याजकांकडे. तिथलं ग्रीक क्रियापदही ‘मेतानोएओ’ (मन पालटणं) नसून ‘मेतामेलोमाई’ (पस्तावणं) आहे. उलट लूक 15 मधल्या येशूच्या गोष्टीत घर सोडून पैसा उधळलेला धाकटा मुलगा शुद्धीवर येतो, उठतो आणि बापाकडे निघतो. मला मोलकरी म्हणून ठेवा, हे वाक्य तो निघण्याआधीच ठरवून येतो. पण जुन्या हस्तलिखितांपैकी बहुतेकांत बाप ते पुरं होण्याआधीच झगा, अंगठी आणि पायतण मागवतो. वाटाघाटीचा मसुदा तसाच राहतो.

क्रमच हवा असेल तर प्रकटीकरण 2:5 मध्ये इफिसच्या मंडळीला पहिली प्रीती सोडल्याबद्दल सांगितलेला पाहा : कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्यं पुन्हा कर. तिसऱ्यात भावना जागवायला सांगितलेलं नाही, कृती करायला सांगितलं आहे. उपासना-सभांमधल्या मराठीत हे तिसरं बहुतेक वेळा गळतं आणि ‘पुन्हा तो अनुभव यावा’ एवढंच उरतं.

‘प्रायश्चित्त’ सांभाळून वापरा. आपल्याकडे ते चुकणाऱ्याने घ्यायचं असतं. लेवीय 16 मध्ये ते याजक लोकांसाठी करतो. कॅथलिकांच्या संस्कारात पापनिवेदनानंतर याजक जे करायला सांगतो तेही प्रायश्चित्तच. एकाच शब्दाचे हे तीन वापर एका परिच्छेदात आले की वाचक गोंधळणारच. ‘सख्य’ नवविधा भक्तीतलं आहे, गोड आहे, पण आधी वैर होतं हे त्यात येत नाही. पौलाला ते सांगायचंच आहे.

फलकासाठी विचाराल तर दुरावलेल्यांना ‘देवाकडे परत या’. पौलाचंच वचन हवं असेल तर ते अवघडलेलं वाक्य तसंच, संदर्भाच्या आकड्यासकट रंगवा. ‘देवाबरोबर’ऐवजी ‘देवाशी’ केलं तर अर्थाला धक्का लागत नाही, बोलण्यात तेच जास्त आहे.