फ्रेंचमध्ये विशेषण नामाच्या आधी ठेवलं की नंतर, यावरून अर्थ खरंच बदलतो का?

बदलतो, पण सगळ्याच विशेषणांचा नाही. लाल, गोल, भारतीय वगैरे मंडळी निमूटपणे नामानंतर बसतात. घोळ घालतात ती रोजच्या वापरातली दहा-पंधरा.

माझी फजिती 'प्रोप्र'ने केली. फ्रान्सला शिकायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंना सांगायचं होतं, की मला स्वतःची वेगळी खोली हवी, कुणाबरोबर वाटून नको. मी म्हणाले, 'यून शांब्र प्रोप्र'. बाईंचा चेहरा पडला. "आमच्याकडे सगळ्याच खोल्या स्वच्छ असतात!" नामानंतर आलं की प्रोप्र म्हणजे स्वच्छ. 'मा प्रोप्र शांब्र' म्हणजे माझी स्वतःची खोली.

तेव्हापासून मी एक खूण धरली आहे: मराठीत जिथे दोन शब्द लागतात, तिथे फ्रेंच बऱ्याचदा एकाच शब्दाला दोन जागा देते. 'सल ऑम' म्हणजे एकच माणूस, 'ऑम सल' म्हणजे एकटा माणूस. 'शेर आमी' प्रिय मित्र, 'लिव्र शेर' महाग पुस्तक. 'पोव्र' आधी आलं तर बिचारा (तो गडगंज श्रीमंतही असू शकतो), नंतर आलं तर खिशाने गरीब. 'आंसिआं' आधी आलं की माजी. म्हणून एखाद्या गावात 'आंसिएन गार' अशी पाटी दिसली तर गाडीची वाट बघत बसू नका, ते एकेकाळचं स्टेशन आहे.

पॅरिसच्या पाँतेऑंवर, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाध्या असलेल्या स्मारकावर, कोरलंय, 'ओ ग्रां-झॉम, ला पात्री रकोनेसांत': थोर पुरुषांना, कृतज्ञ मातृभूमीकडून. 'ग्रां' इथे 'ऑम'च्या आधी आहे, म्हणून थोर. 'ऑम ग्रां' म्हणजे नुसता उंच. (त्या 'पुरुषां'त १९९५ पासून मारी क्युरीही आहेत.) फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल थोरही होते आणि उंचही, उंची १.९६ मीटर!

ढोबळमानाने, आधीचं विशेषण बोलणाऱ्याचं मत किंवा नातं सांगतं, नंतरचं डोळ्यांना दिसणारा, मोजता येणारा गुण. पण यावर फार विसंबू नका. 'ग्रांद मेझों' म्हणजे साधं मोठं घर, त्यात थोरपण काही नाही. आणि 'समेन देर्निएर' गेला आठवडा, 'देर्निएर समेन' शेवटचा आठवडा, ही जोडी तर मी सरळ पाठच केली.