मोठ्या माशाच्या तोंडात शिरणारा चिमुकला

प्रश्न: सीताबर्डीच्या एका दुकानात, खाऱ्या पाण्याच्या टाकीत, बोटाएवढा काळ्या पट्ट्याचा मासा पाहिला. तो मोठ्या माशाच्या तोंडात शिरून खुशाल बाहेर आला. मोठा मासा त्याला गिळत कसा नाही? घरच्या टाकीसाठी घेऊ का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: तुम्ही पाहिलात तो क्लीनर रास. डोक्याकडे पिवळसर, शेपटीकडे निळा, आणि तोंडापासून शेपटीपर्यंत रुंद होत गेलेला काळा पट्टा. वाढून वाढून 14 सेंमी. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांत तो राहतो.

गिळत नाही, कारण तो मोठ्यांच्या कामाचा आहे. प्रवाळातली एक ठरावीक जागा हे त्याचं ठाणं. अंगाला रक्त शोषणारे बारीक परजीवी चिकटले की मासे आपणहून तिथे येतात. अंदमानात स्वराज द्वीपाजवळ मी पाण्यावर पालथा पडून हे पाहत राहिलो होतो. भलामोठा हेकरू मासा जबडा वासून, कल्ले फाकवून जागच्या जागी तरंगत होता. हा त्याच्या दातांमधून फिरला आणि कल्ल्यातून बाहेर पडला. हेकरूने अंगाला झटका दिला तेव्हा हा लगेच बाजूला झाला. ऑस्ट्रेलियातल्या मोजणीनुसार असा एक मासा दिवसाला सुमारे 1200 परजीवी खातो. पण त्याला खरी चटक असते ती माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची. संधी मिळाली की तो त्याचाही लचका घेतो, आणि मग गिऱ्हाईक चिडून पाठलाग करतं किंवा दुसरं ठाणं गाठतं. त्याचा एक तोतयाही आहे. हुबेहूब तसाच दिसतो, जवळ येतो आणि पर कुरतडून पळतो.

एका नराच्या ताब्यात काही माद्या असतात. नर मेला की त्यांतली सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते, आणि दोन-अडीच आठवड्यांत खरोखर नर होते. 1972 साली हे शोधनिबंधातून जगापुढे आलं. मला आजही याचं नवल वाटतं.

आता घ्यायचं का? कृपा करून घेऊ नका. दिवसभर येणारी गिऱ्हाइकं हेच त्याचं पोट. घरच्या टाकीत चार-सहा मासे असतात, त्यांच्या अंगावर याला पुरेल एवढं काही नसतं. तयार खाणं बरेचदा तो तोंडात घेत नाही आणि उपाशी मरतो. शिवाय बाजारात येणारे बहुतेक समुद्रातून धरून आणलेले असतात. काही प्रवाळांवरून हे मासे साडेआठ वर्षं सतत काढून पाहिले, तर तिथल्या इतर माशांची संख्या घटली आणि जातीही कमी झाल्या.

सफाई करणाराच मासा हवा असेल तर निऑन गोबी मागा. टाकीतच पैदास केलेला मिळतो, तयार खाणं खातो. फक्त आधी चिलरची, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची, सोय करा: मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, आणि या माशांना पाणी 25-27 अंशांचं लागतं.